वृक्षजातींचा आकाशातून अदमास

१९७५ च्या सुमारास तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने बस्तरच्या अरण्यासंबंधी एक तजवीज योजिली. सुमारे २०,००० हेक्टर क्षेत्रावरील सालवृक्षप्रधान मिश्र अरण्य टप्प्याटप्प्याने तोडून त्याच्या जागी कॅरिबियन पाइन हा मध्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात व कॅरिबियन बेटांवर वाढणारा सूचिपर्णी वृक्ष लावावयाचा, आणि त्याच्या लांब तंतूंच्या लाकडापासून कागदाच्या कारखान्यांसाठी लगदा मिळवावयाचा, असा तिचा आशय होता. मोहाची फुले, तेंदूची पाने, चाराची फळे, सालाचे बीज आणि राळ यांच्या आधारावर ज्या प्रदेशातील गावेच्या गावे वर्षातील कित्येक महिने निभावून नेत आली होती, तेथे एका परदेशी जातीच्या रांगा उभ्या राहणार, हे ध्यानी येताच आदिवासींमध्ये तीव्र असंतोष पसरला. पूर्वी बस्तरचे जिल्हाधिकारी राहिलेले डॉ. ब्रह्मदेव शर्मा यांनीही सरकारदरबारी या योजनेला कसून विरोध केला. काही क्षेत्रावर प्रायोगिक लागवड झाली खरी, परंतु १९८१ मध्ये योजना सोडून देण्यात आली.

योगायोग असा, की त्याच वर्षी, १ जून १९८१ रोजी, भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली आणि देशातील अरण्यांची मोजदाद उपग्रहाच्या साहाय्याने करण्याचे काम तिच्याकडे आले. तिचा पहिला अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. एक हेक्टरहून अधिक क्षेत्र आणि त्यावर किमान १० टक्के वृक्षच्छत्र असले, की ती भूमी ‘वनाच्छादित’. मग तिचा मालक कोण, तिच्यावर कोणती जात उभी आहे, ती आमराई आहे की बांबूचे बेट, याची पृच्छा ही व्याख्या करीत नाही. बस्तरची योजना तडीस गेली असती, तर तोडीनंतरची काही वर्षे अहवालात घट दिसली असती, आणि पाइनची छत्रे एकमेकांना भिडताच तेच हजारो हेक्टर क्षेत्र पुन्हा वनाच्या खाती जमा झाले असते. हिशेबात खोट निघाली नसती. केवळ अरण्य नाहीसे झाले असते. २०२१ च्या अहवालाबरहुकूम, बस्तर आता ज्या राज्यात मोडते त्या छत्तीसगडचे वनाच्छादन ५५,७१७ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाच्या ४१.२१ टक्के आहे. हा आकडा प्रामाणिक आहे व राज्यकारभाराला उपयुक्तही आहे; परंतु त्या छत्राखाली किती जाती नांदतात, हा त्याहून अवघड प्रश्न त्याने सुटत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर उपग्रहाच्या साहाय्याने कितपत देता येते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम उपग्रह काय पाहतो ते नीट समजून घेतले पाहिजे. हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडा आणि निळा भाग हरितद्रव्याच्या योगाने शोषून घेते, हिरवा थोडासा परत पाठविते, आणि मनुष्याच्या डोळ्यास अगोचर असा जो निकट अवरक्त प्रकाश, तो मात्र पानाच्या आतील पेशी व त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांच्यावर आदळून फार मोठ्या प्रमाणात परावर्तित होतो. याहून लांब लहरींचा लघुतरंग अवरक्त प्रकाश पानातील पाणी शोषून घेते. म्हणून पान सुकू लागले, की त्या पट्ट्यातील परावर्तन वाढते. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए या नियमित सेवेतील पहिल्या भारतीय सुदूर संवेदन उपग्रहापासून हे परावर्तन आपण आपल्याच यंत्रांनी नोंदवीत आलो आहोत. १९९५ च्या डिसेंबरात गेलेल्या आयआरएस-१सी उपग्रहावर लिस-३ नावाचा जो संवेदक होता, तो हिरवा, तांबडा व निकट अवरक्त या पट्ट्यांत साडेतेवीस मीटर बाजूचा चौकोन हा भूमीचा लहानात लहान तुकडा मानून त्याच्या परावर्तनाचा आकडा देत असे, आणि दर २४ दिवसांनी त्याच भूमीवर परतत असे. अशा एका चौकोनाला पिक्सेल म्हणतात. त्याचे क्षेत्र साडेपाचशे चौरस मीटरांहून किंचित अधिक भरते, आणि तेवढ्या जागेत परिपक्व अरण्यातील अनेक वृक्षांची छत्रे, त्यांच्या सावल्या, खालचे झुडूप आणि मधली उघडी माती असा सारा ऐवज सामावलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत कोणकोणती धान्ये पडली आहेत हे केवळ पिठाच्या रंगावरून सांगावयाचे म्हटले, तर जी पंचाईत होईल, तीच एका पिक्सेलवरून वृक्षजाती ओळखू पाहणाऱ्याची होते.

या अडचणीतून वाट काढली ती ऋतुचक्राने. एका दिवसाच्या चित्रात जे वृक्ष सारखेच हिरवे दिसतात, ते वर्षभराच्या चित्रमालिकेत एकमेकांपासून दूर होत जातात. आणि मध्य भारताच्या पानझडी अरण्यात ही फारकत इतकी स्पष्ट असते, की नोव्हेंबर ते मे हा काळ अभ्यासकाला पर्वणीच वाटावा. पावसाळा सरल्यावर सारे रान एकाच रंगाचे असते. मग साग पाने टाकू लागतो आणि उन्हाळाभर बहुधा उघडाच उभा राहतो. साजा, म्हणजे आपल्याकडचा ऐन, फेब्रुवारीपासून निष्पर्ण होतो. छत्तीसगडी माणूस ज्याला सरई म्हणतो तो साल मात्र जुनी पाने गाळता गाळताच नवी पालवी धरतो व मार्च-एप्रिलात फुलतो. तो क्वचितच पूर्णपणे उघडा पडतो, आणि त्यामुळे आजूबाजूचे रान करडे झाले असताना सालाचे पट्टे अवरक्त चित्रात ठसठशीत उठून दिसतात. कुसुमाची कोवळी पालवी लालभडक, मोहाची ताम्रवर्णी. पळस तर पानांवाचूनच फुलतो. म्हणून डिसेंबरचे एक चित्र आणि मार्चचे एक चित्र शेजारी ठेवणे हे एकाच दिवसाच्या कितीही सूक्ष्म चित्रापेक्षा अधिक फलदायी ठरते. २०१५ पासून युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांनी ही सोय पुष्कळ वाढविली आहे: त्यांच्या तेरा पट्ट्यांपैकी चारांचा पिक्सेल अवघा १० मीटरांचा आहे, तांबड्याच्या व अवरक्ताच्या सीमेवरील, हरितद्रव्याच्या प्रमाणास विशेष संवेदनशील असे पट्टे त्यांत आहेत, आणि दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच भूमी पाहिली जाते. पालवी फुटण्याचा आठवडा हुकला, ही जुन्या अभ्यासकांची तक्रार त्यामुळे बरीचशी दूर झाली. पावसाळ्यातील ढगांची तक्रार मात्र कायम आहे.

आता भूमीकडे येऊ. कारण या शास्त्राचा निम्मा प्राण तेथे आहे, आणि लोकप्रिय लेखनात नेमका तोच भाग वगळला जातो. रायपूरच्या पूर्वेस, महासमुंदवरून ओडिशाकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या उत्तरेला, बारनवापारा अभयारण्य पसरले आहे. बार आणि नवापारा या दोन गावांवरून त्याला हे नाव मिळाले. १९७६ मध्ये ते घोषित झाले आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे २४५ चौरस किलोमीटर आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयातील वनशास्त्राच्या अभ्यासकांनी या अरण्यात उपग्रहचित्रे आणि जमिनीवरील नमुना-क्षेत्रे यांची सांगड घालून वृक्षविविधता, जीवभार व कार्बनसंचय यांचा अभ्यास केला आहे. अशा कामाची पद्धत सांगण्याजोगी आहे. उपग्रहचित्रावरून अरण्याचे साग, साल, मिश्र, अवनत असे विभाग प्रथम पाडावयाचे. प्रत्येक विभागात ठरावीक मापाचे चौक आखावयाचे. चौकातील प्रत्येक वृक्षाची जात ओळखून, जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे छातीइतक्या उंचीवर, फितीने त्याचा घेर मोजावयाचा. आणि चौकाचे अक्षांश-रेखांश अचूक टिपून घ्यावयाचे. यांतील शेवटचे काम क्षुल्लक वाटेल, परंतु चौकाची जागा वीस मीटरांनी चुकली, तर तेथील वृक्षांची यादी शेजारच्या पिक्सेलच्या नावावर चढते, आणि मग पुढचे सारे गणित चुकीच्या दाखल्यावर उभे राहते.

जात ओळखणे हे काम यंत्राचे नव्हे. एप्रिलमध्ये निष्पर्ण उभा असलेला धावडा आणि त्याच्या शेजारचा सेन्हा हे सालीच्या पोतावरून, फांदीच्या वळणावरून, खाली पडलेल्या वाळक्या फळावरून क्षणात ओळखणारा मनुष्य बहुधा त्या गावचाच असतो. उपग्रहाच्या आधारे काढलेल्या प्रत्येक विविधता-नकाशाच्या बुडाशी अशा माणसांचे ज्ञान आहे. शास्त्रीय निबंधात ते ‘क्षेत्रीय सहायक’ एवढ्या दोन शब्दांत आटोपते, ही गोष्ट मला न्याय्य वाटत नाही.

चौकातील याद्या हाती आल्या, की त्यांचे एका संख्येत रूपांतर करावे लागते. केवळ जातींची संख्या मोजून भागत नाही. शंभर वृक्षांच्या चौकात दहा जाती असल्या, तरी प्रत्येकीचे दहा-दहा वृक्ष असणे वेगळे, आणि ९१ साल असून उरलेल्या नऊ जातींचा एकेकच वृक्ष असणे वेगळे. हा भेद टिपण्यासाठी क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये दूरसंदेशवहनाच्या शास्त्रात मांडलेले एक सूत्र परिस्थितिविज्ञानाने उचलले. प्रत्येक जातीचा एकूण वृक्षांतील वाटा घ्यावयाचा, त्याला त्याच वाट्याच्या नैसर्गिक लॉगरिथमने गुणावयाचे, सर्व जातींची बेरीज करावयाची आणि ऋणचिन्ह काढून टाकावयाचे. निव्वळ पाइनच्या लागवडीत हा निर्देशांक शून्य येतो. दोन जाती निम्म्या-निम्म्या असल्या तर ०.६९, दहा जाती समसमान असल्या तर २.३०. परंतु ९१ साल आणि नऊ जातींचा एकेक वृक्ष, अशा चौकाचा निर्देशांक अवघा ०.५० भरतो, म्हणजे दोनच जातींच्या समसमान चौकापेक्षाही कमी! सालाच्या अरण्याचे मूल्यमापन करताना हे ध्यानी ठेवले पाहिजे. साल हा स्वभावतःच वर्चस्व गाजविणारा वृक्ष आहे. नैसर्गिक, निकोप सालवनाचा शॅनन निर्देशांकही तोडीने विसकटलेल्या मिश्र रानापेक्षा खाली जाऊ शकतो. म्हणून निर्देशांकाच्या उतरत्या क्रमाने संरक्षणाची यादी करावी असे जो म्हणेल, त्याच्या हातून बस्तरच्या उत्तमोत्तम सालवनांवरच अन्याय होईल.

आकाशातील आकडे आणि भूमीवरील याद्या यांना जोडणारी कल्पना सोपी व मोहक आहे. एखाद्या परिसरातील पिक्सेलांच्या परावर्तनात जितका अधिक फरक, तितकी तेथील वनस्पतींची विविधता अधिक असावी, असे अनुमान मायकेल पामर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी मांडले. वर्णपटीय विचरणाचा सिद्धान्त असे त्याला म्हणता येईल. त्याच्या पाठोपाठ अनेक देशांत अशी सूत्रे बसविली गेली. ज्या चौकांच्या याद्या ठाऊक आहेत, त्यांवरील पिक्सेलांचे आकडे, त्यांतील विचरण, ऋतूनुसार होणारा बदल, उंची, उतार व पर्जन्य हे सारे गणनयंत्राला द्यावयाचे, आणि कोणत्या आकड्यांबरोबर विविधता वाढते-घटते याचा संबंध त्याला शोधू द्यावयाचा. लिओ ब्राइमन यांनी २००१ मध्ये मांडलेली ‘रँडम फॉरेस्ट’ ही पद्धती या कामी विशेष प्रचारात आहे. तीत गणनयंत्र प्रश्नोत्तरांच्या शेकडो शाखा-मालिका रचते, प्रत्येकीला माहितीचा काही भागच दाखविते, आणि सर्वांच्या उत्तरांची सरासरी घेते. एकदा संबंध हाती आला, की ज्या लक्षावधी पिक्सेलांवर कोणाचेही पाऊल पडलेले नाही, त्यांचाही अदमास मांडता येतो.

छत्तीसगडच्या रानात मात्र हा सिद्धान्त तपासून घ्यावा लागतो. मुरमाड उतारावरचे विरळ रान घ्या. तेथे दोन-चार जातींचे खुरटे वृक्ष, मधून मधून तांबडी माती, कोठे खडक, कोठे वाळके गवत. पिक्सेलागणिक परावर्तन बदलते, आणि सूत्र मोठ्या खात्रीने सांगते की येथे विविधता फार. वस्तुतः विविधता आहे ती मातीची. मार्च महिन्यात मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची वहिवाट आहे. ते काळे डागही उपग्रहाच्या हिशेबात भेद म्हणूनच नोंदले जातात. डोंगराच्या उत्तर बाजूची सावली, गावाजवळच्या शेतांची कड, वाहत्या नाल्याचा पट्टा ही सारी अशीच फसवी ठाणी आहेत. उलट घनदाट सालवनात दुसरीच अडचण येते: पानांचे थर एका मर्यादेपलीकडे गेले, की तांबड्या व अवरक्त प्रकाशांच्या गुणोत्तरावर आधारलेला हिरवेपणाचा प्रचलित निर्देशांक वाढेनासा होतो, आणि त्याखाली काय दडले आहे याचा पत्ता लागत नाही. उपाय आहेत: उघडी माती व जळित क्षेत्रे आधी वगळणे, निरनिराळ्या ऋतूंची चित्रे वापरणे, सावलीचा हिशेब उंचीच्या नकाशावरून करणे. परंतु ते उपाय त्या भूमीचे वर्तन ठाऊक असलेल्यालाच सुचतात. परदेशात बसविलेले सूत्र जसेच्या तसे आणून येथे लावले, तर ते बारनवापाऱ्यातील पडीक माळाला उत्तम अरण्याचा दर्जा देऊन मोकळे होईल.

देशपातळीवर हे काम अंतराळ विभाग व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी संयुक्तपणे १९९८ पासून हाती घेतले. त्या परिश्रमांतून २०१५ मध्ये भारताच्या वनस्पती-प्रकारांचा नवा नकाशा प्रसिद्ध झाला: लिस-३ च्या चित्रांवर आधारलेला, शंभर प्रकार दाखविणारा, आणि जमिनीवरील १५,५६५ ठिकाणांशी ताडून पाहता सुमारे ९० टक्के अचूक ठरलेला. येथे एक खूणगाठ बांधली पाहिजे. ही अचूकता प्रकार ओळखण्याची आहे, जाती मोजण्याची नव्हे. शुष्क सालवन हे शुष्क सालवन आहे एवढे दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगणे आणि त्यात तेंदू किती व बीजा किती हे सांगणे, यांत फार अंतर आहे.

आणि पाइन? त्याच्या खऱ्या माहेरी हे शास्त्र कसे चालते, हे पाहिल्याने आपल्या अरण्याची अडचण व सोय दोन्ही ध्यानी येतात. जगात पाइनच्या एकशेवीसच्या आसपास जाती आहेत आणि त्यांपैकी पन्नासाच्या जवळपास एकट्या मेक्सिकोत आढळतात. तेथील पर्वतरांगांतून एकाच उतारावर अनेक पाइन जाती शेजारी शेजारी वाढतात. सुयांचे झुपके स्वतःवरच सावली धरतात, त्यामुळे निकट अवरक्त प्रकाशात पाइन रुंदपर्णी वृक्षापेक्षा गडद दिसतो, आणि ‘हे पाइनचे वन आहे’ एवढे उपग्रह सहज सांगतो. परंतु एक पाइन दुसऱ्यापासून निवडताना त्याची दमछाक होते: दोन्ही सदाहरित, पानझडीचा ऋतू नाही, आकार सारखा. तेथे साहाय्यास येते ती उंची, तापमान आणि पर्जन्य यांची माहिती. आपल्या हिमालयात व ईशान्येतही तसेच आहे. चिर पाइन खालच्या, उष्ण उतारांवर. कैल त्याच्या वरच्या थंड पट्ट्यात. चिलगोजा किन्नौरसारख्या पर्जन्यछायेतील शुष्क खोऱ्यांत. आणि खासी पाइन पार मेघालय-मणिपुराकडे. ज्याच्या हाती उंचीचा व पावसाचा नकाशा आहे, त्याला उपग्रहाचे चित्र न उघडताही या चौघांच्या जागा बऱ्याच अंशी सांगता येतील. छत्तीसगडच्या मैदानी अरण्यात उंचीचा असा जिना नाही. येथे एकाच पातळीवर पन्नास जाती मिसळून राहतात, आणि त्यांना निराळे करणारी खूण ती पालवीच्या व पानगळीच्या तिथ्यांची. मेक्सिकोतील पाइनसाठी रचलेले गणित येथे उपयोगी पडणार ते त्याच्या सूत्राने नव्हे, तर त्याच्या शिस्तीने.

त्या शिस्तीतील सर्वांत कठीण कलम पडताळणीचे आहे. काही चौक बाजूला ठेवून उरलेल्यांवर सूत्र बसवावयाचे आणि बाजूला ठेवलेल्यांवर ते तपासावयाचे, ही रीत सर्वमान्य आहे. परंतु चौक एकमेकांपासून दोनशे मीटरांवर असले, तर त्यांची माती, तोडीचा इतिहास आणि वृक्ष एकसारखेच असणार, आणि परीक्षेत विचारलेला प्रश्न आधीच पढविलेला असावा तसे होते. सूत्राची अचूकता फुगून दिसते. म्हणून प्रामाणिक अभ्यासक संपूर्ण एक परिक्षेत्र राखून ठेवतो, उदाहरणार्थ बारनवापाऱ्यात सूत्र बसवितो आणि ते कांकेरच्या रानात तपासतो. तेथे अचूकता जेवढी घसरेल, तेवढेच त्याचे खरे ज्ञान. ‘रँडम फॉरेस्ट’सारख्या पद्धतीत तर प्रत्येक पिक्सेलपाशी शेकडो शाखा-मालिकांची उत्तरे एकमेकांपासून किती फाकली, हेही पाहता येते, आणि त्यावरून अनिश्चिततेचा एक वेगळा नकाशा तयार होतो. माझ्या मते वनखात्याच्या दप्तरात विविधतेच्या नकाशाइतकेच, किंबहुना अधिक मानाचे स्थान या दुसऱ्या नकाशाला मिळावयास हवे. कारण पुढच्या हंगामात फीत घेऊन कोठे जावयाचे, हे तोच सांगतो.

अशा नकाशात सर्वाधिक फाकलेली उत्तरे बहुधा तेथेच सापडतात, जेथवर रस्ता व मोजणी पोहोचलेली नसते. मुख्यतः नारायणपूर जिल्ह्यात मोडणारा अबूझमाडाचा सुमारे चार हजार चौरस किलोमीटरांचा डोंगराळ मुलूख ना बस्तर संस्थानच्या, ना इंग्रजी अमलाच्या, ना स्वातंत्र्योत्तर महसूल खात्याच्या साखळीखाली पुरता आला; तेथील कित्येक गावांच्या जमिनीचा नकाशा व खातेउतारा या शतकातही तयार नव्हता. उपग्रह मात्र त्या माथ्यांवरून नियमाने जात आला आहे, आणि प्रत्येक दहा मीटरांच्या चौकोनाचे आकडे साठवीत आला आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह रडारच्या लहरींनी ढगांआडूनही पाहतो आणि दर बारा दिवसांनी परततो. अशा रडारमुळे तेथल्या पावसाळ्याचीही नोंद होते. या साऱ्या आकड्यांना वृक्षांची नावे लावावयाची, तर तेथील रानात चौक आखावे लागतील, आणि प्रत्येक झाडाचे नाव सांगण्यासाठी त्या मुलखातील माडिया माणसाला, योग्य मोबदला देऊन व निबंधात त्याचे नाव घालून, बरोबर घ्यावे लागेल.